पाय कुठे टेकलाय ते बघा: बास्केटबॉलमध्ये आउट कसं द्यायचं (नवीन रेफरींसाठी)

शेवटचं दीड मिनिट, दोन पॉइंटचा फरक, आणि बॉल सुटून साईडलाईनकडे चाललेला. एक मुलगी जीव तोडून धावत आली, लाईनच्या आतून उडी मारली, हवेतच बॉल पकडला, तोपर्यंत तिचं सगळं अंग लाईनच्या बाहेर गेलेलं, तिथूनच तिने बॉल मागे आत फेकला आणि मग धपकन पाण्याच्या बाटल्यांवर जाऊन आदळली. समोरच्या टीमचे पालक एका सुरात ओरडले, "आउट! आउट आहे सर!" आणि ती साईडलाईन ज्या मुलाकडे होती, तो पहिल्याच सीझनचा रेफरी, त्याने शिट्टी मारली आणि बॉल समोरच्यांना दिला.

निर्णय चुकला होता. मुलीने केलं ते शंभर टक्के लीगल होतं. त्या मॅचला दुसरी रेफरी मी होते, मला दिसलं होतं, आणि मी त्याच्याजवळ जाऊन बोलायला हवं होतं ते बोलले नाही, कारण आरडाओरडा एवढा होता की मलाही वाटलं आता पुढे जाऊ दे. ती मुलगी गुडघा चोळत उठली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, ते अजून विसरले नाहीये मी.

म्हणून हे सगळं लिहून काढतेय. मुंबईत शाळा, कॉलेज, सोसायटी, जिमखाना सगळीकडे मॅचेस होतात, नागपाड्यात आणि माटुंग्याला तर पिढ्यान् पिढ्या हा खेळ चाललाय, आणि रेफरी लागतात खूप, त्यामुळे कालपर्यंत खेळणारी मुलं आज अचानक शिट्टी घेऊन उभी असतात. खेळताना नियम अंगात असतो पण तोंडात नसतो, कोणी विचारलं का दिलं आउट, तर सांगता येत नाही. मी इथे जे सांगतेय ते फिबाच्या (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांप्रमाणे आहे, आपल्याकडे फेडरेशनच्या आणि शाळा-कॉलेजच्या मॅचेस त्यावरच चालतात. अमेरिकेतले नियम काही ठिकाणी वेगळे आहेत, ते जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगेन.

पायरी १: मॅचच्या आधी लाईनवरून एक फेरी मारा

कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद, आणि हे माप बाउंड्री लाईनच्या आतल्या कडेपासून घेतात. का, तर बास्केटबॉलमध्ये बाउंड्रीची लाईन कोर्टाचा भागच नाही. लाईन म्हणजे बाहेर. व्हॉलीबॉलमध्ये बॉल लाईनवर पडला तर आत, टेनिसमध्येही आत, आणि आपल्या शाळांमध्ये एकाच ग्राउंडवर एकच पीटीचे सर सगळे खेळ घेतात त्यामुळे पोरांच्या डोक्यात या सगळ्याची खिचडी झालेली असते. ५ सेंटिमीटरची पट्टी असते ती, बुटाचं नुसतं टोक लागलं तरी प्लेअर बाहेर. "थोडासाच लागला ना सर" असं काही नसतं.

आता मुंबईतलं कोर्ट म्हणजे काय असतं तुम्हाला माहितीये. एकाच सिमेंटवर बास्केटबॉलची पांढरी लाईन, व्हॉलीबॉलची पिवळी, बॅडमिंटनची आणखी कुठली तरी, आणि पावसाळ्यानंतर त्यातलं अर्धं पुसलेलं. मॅचच्या वीस मिनिटं आधी पोचा आणि चारही बाजूंनी खरंच चालत एक फेरी मारा. जिथे लाईन दिसत नाही तिथे खडू नाहीतर टेप लावून घ्या, आणि दोन्ही कॅप्टनना बोलावून पायाने दाखवा, ही आपली लाईन. हे दोन मिनिटांचं काम आहे पण नंतरची दहा भांडणं वाचतात.

फेरी मारताना वरसुद्धा बघा. कोर्टावर झाडाची फांदी आलीये का, वायर आहे का, गॅलरीचा छज्जा पुढे आलाय का. कोर्टाच्या वर लटकणाऱ्या कुठल्याही वस्तूला बॉल लागला तर तो आउट, मग ती वस्तू कोर्टाच्या अगदी मधोमध का असेना. एका शाळेत गुलमोहराची फांदी फ्री-थ्रो लाईनच्या वर येते, लांबून उंच शॉट मारला की पानांना घासून खाली येतो आणि पोरं खेळतच राहतात कारण रोज तसंच खेळतात. मॅचमध्ये ते चालत नाही, ज्याला बॉल शेवटचा लागला त्याच्या विरुद्ध टीमला बॉल.

नियमाने कोर्टाच्या बाहेर २ मीटर मोकळी जागा पाहिजे, बेंचवर बसलेली माणसंसुद्धा त्याच्या पलीकडे. आपल्याकडे भिंत कधीकधी एका मीटरवर असते. भिंत हलवता येत नाही पण खुर्च्या, बॅगा, बाटल्या, पालकांचे पाय हे हलवता येतं, ते हलवून घ्या, मुलांना लागतं.

पायरी २: प्लेअर कुठे आहे हे जमीन सांगते

हे एक वाक्य पाठ करा, बाकी सगळं यातूनच निघतं: प्लेअर जमिनीला जिथे टेकलाय तिथे तो आहे, आणि हवेत असेल तर शेवटचा जिथे टेकला होता तिथेच तो अजून आहे असं धरायचं.

म्हणजे हात लाईनच्या बाहेर आहे, डोकं बाहेर आहे, अख्खं धड कमरेतून वाकून बाहेर गेलंय, काही फरक पडत नाही. दोन्ही पाय आत टेकलेत ना, मग तो आत. उलट सगळं शरीर आत आहे, पण डाव्या बुटाची टाच लाईनवर आहे, तो बाहेर. एक पाय आत आणि एक पाय लाईनवर, तरी बाहेर, कारण शरीराचा कुठलाही एक भाग बाहेर टेकला की पुरे. पायच पाहिजे असंही नाही, पडलेल्या प्लेअरचा तळहात लाईनवर असेल, गुडघा असेल, तेच लागू.

हवेतला भाग ज्यांना पटत नाही त्यांना मी सूर्याचा कॅच आठवायला सांगते. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलमध्ये हार्दिकच्या शेवटच्या ओव्हरला मिलरने उंच मारला, सूर्यकुमारने बाउंड्रीजवळ पकडला, तोल जातोय म्हटल्यावर बॉल वर उडवला, स्वतः दोरीच्या पलीकडे गेला, परत आत आला आणि पकडला. तो पलीकडे उभा होता तेव्हा बॉल त्याच्या हातात नव्हता, आणि बॉल हातात होता तेव्हा तो पलीकडे टेकलेला नव्हता. आपल्या साईडलाईनवरही हाच हिशोब आहे. माझ्या गोष्टीतल्या मुलीचा शेवटचा पाय आत टेकला होता, तिने बॉल हवेत पकडला आणि हवेतच सोडला, बाटल्यांवर पडली तेव्हा हात रिकामे होते. आउट कुठून आला?

याची उलटी बाजू नवीन लोक हमखास विसरतात. प्लेअर आधीच बाहेर उभा आहे, लाईनच्या बाहेरून उडी मारतो आणि हवेत, कोर्टाच्या वर, बॉलला हात लावतो. दिसायला सगळं आत घडतंय. पण त्याचा शेवटचा पाय बाहेर टेकला होता म्हणून तो अजून बाहेरच आहे, आणि बॉल त्याला लागला त्या क्षणी आउट, त्याच्यामुळे. रिबाउंडच्या वेळी बेसलाईनवर (म्हणजे एंडलाईन, रिंगच्या मागची लाईन) हे खूप होतं. आतला मोठा प्लेअर ढकलाढकलीत लाईनवर जातो, तिथून उडी मारतो आणि मस्त रिबाउंड घेतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तुमच्या लक्षातच येत नाही की उडी लाईनवरून होती. म्हणून शॉट हवेत असताना बॉल बघू नका, तो कुठे जात नाही, रिंगवरच येणार आहे. पाय बघा.

पायरी ३: माणसाला टेकलं म्हणजे बाहेर टेकलं असं नाही

हे छोटं आहे पण वाद खूप होतात. बॉल असलेला प्लेअर साईडलाईनजवळ आहे, आणि त्याला अडवणाऱ्या डिफेंडरचा एक पाय लाईनवर आहे. दोघांची अंगं एकमेकांना लागतात. डिफेंडर बाहेर आहे, मग त्याला चिकटलेला अटॅकरही बाहेर झाला का? नाही. नियमात स्पष्ट म्हटलंय की जमीन किंवा वस्तू, प्लेअर सोडून. माणसाला लागून कोणी आउट होत नाही, खेळ चालू द्या. पण हातातला बॉल जर त्या बाहेर असलेल्या डिफेंडरच्या अंगाला लागला तर बॉल आउट झाला, आणि तो डिफेंडरमुळे झाला, म्हणजे अटॅक करणाऱ्या टीमलाच परत मिळणार. अंग लागलं की बॉल लागला, एवढाच फरक आहे, पण निर्णय पूर्ण बदलतो.

आणि तेवढ्यात धक्का मारला गेला असेल, तर आधी फाउल बघायचा. ढकलून बाहेर काढलेल्या प्लेअरच्या विरोधात आउट देणं म्हणजे त्याच्यावर दोनदा अन्याय.

पायरी ४: बॉल कधी आउट होतो आणि कोणामुळे

बॉल हवेत लाईनच्या पलीकडे गेला म्हणून आउट होत नाही, तो कशाला तरी लागावा लागतो. बाहेरच्या जमिनीला, बाहेरच्या वस्तूला, बाहेर असलेल्या कुठल्याही माणसाला. त्याशिवाय बोर्डला मागून धरणाऱ्या खांबाला, बोर्डच्या मागच्या बाजूला, आणि वर सांगितलं तसं कोर्टावरच्या फांदीला किंवा छताला. बोर्डची पुढची बाजू, वरची कड, खालची कड, बाजूच्या कडा, हे सगळं चालतं, खेळ सुरू. नुसती मागची बाजू नाही चालत. लीडला (रिंगजवळ एंडलाईनवर उभा असतो तो रेफरी, मागे राहतो तो ट्रेल) उभं राहून बोर्डच्या कडेला लागला की मागे लागला हे ओळखायला सवय लागते, मला आवाजावरून कळायला लागलं, पण तो आवाज प्रत्येक बोर्डचा वेगळा असतो त्यामुळे वॉर्म-अपच्या वेळी ऐकून ठेवा.

कोणामुळे गेला, तर ज्याला बॉल शेवटचा लागला त्याच्यामुळे. "लागला", "त्याने लावला" असं नव्हे. डिफेंडरला कळलंही नाही आणि बॉल त्याच्या पोटरीला घासून बाहेर गेला तरी तो त्याच्यामुळेच. अटॅकर अडकला की मुद्दाम डिफेंडरच्या पायावर हळूच बॉल मारून बाहेर घालवतो, ती हुशारी आहे, चालते (जोरात तोंडावर मारला तर तो वेगळा विषय, तिथे टेक्निकल फाउलचा विचार करा).

बेंचचा एक प्रसंग लक्षात ठेवा. ड्रिबल करणारा स्कोअरर टेबलच्या पुढून चाललाय, बॉल उसळून समोरच्या टीमच्या खुर्चीवर बसलेल्या सबच्या (बदली प्लेअरच्या) गुडघ्याला लागतो आणि परत याच्या हातात येतो. पोरगा खेळत पुढे जातो आणि कोणी काही बोलत नाही. शिट्टी मारायची. सब बाहेर बसलाय, बॉल त्याला लागल्यावर आउट झाला, आणि त्याआधी शेवटचा ड्रिबलरला लागला होता, त्यामुळे बॉल समोरच्या टीमचा. इथे लोक गोंधळतात की मग सबमुळे का नाही, तो पण बाहेरच होता ना? बाहेर असलेला प्लेअर बॉलला लागला तर त्याच्यामुळे, हा नियम कोर्टवर खेळणाऱ्या दहा जणांसाठी आहे. सब हा त्या क्षणी खुर्चीसारखाच.

आणि रेफरी? बॉल तुम्हाला लागला तर तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या जमिनीला लागला असं धरतात. ट्रेल असताना आत उभे आहात, पाठीला लागला, खेळ सुरू. लीड असताना एंडलाईनच्या बाहेर उभे आहात आणि पास तुमच्या पोटात आला, आउट. हे कोचला समजावताना त्रास होतो, पण नियम प्लेअरला आणि रेफरीला एकच आहे.

दोघांनी बॉल घट्ट धरलाय आणि ओढाओढी करता करता दोघं लाईनच्या बाहेर गेले, तर कोणाचाच आउट नाही, जम्प बॉलची सिच्युएशन, म्हणजे टेबलवरचा ॲरो (पुढचा बॉल कोणाचा ते दाखवणारा बाण) ज्या टीमकडे आहे तिला बॉल.

पायरी ५: परत आत कधी आला, आणि ड्रिबलरचं काय

बाहेर गेलेला प्लेअर आत यायला दोन्ही पाय आत टेकायला पाहिजेत असं खूप जण समजतात. तसं काही नाही. एक पाय आत टेकला आणि त्याच वेळी दुसरं काहीही बाहेर टेकलेलं नसेल, दुसरा पाय हवेत असला तरी चालेल, तो आत आला. त्यामुळे धावत येणारा माणूस एका पावलात आत होतो. तुम्हाला बघायचंय एवढंच की बॉलला हात लागला तेव्हा मागचा पाय लाईनवरून उचलला गेला होता का.

बॉल वाचवायला गेलेला प्लेअर थापट मारून बॉल आत ढकलतो, स्वतः बाहेर उतरतो, परत आत येतो आणि सगळ्यात आधी बॉलला तोच हात लावतो. चालतं? हो, चालतं.

आता ड्रिबलर. इथे मोबाईलवरच्या व्हिडिओंनी खूप गोंधळ केलाय. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमात ड्रिबल चालू असताना प्लेअरचा पाय लाईनवर पडला की व्हायोलेशन, बॉल त्या क्षणी हातात असो वा नसो. फिबात तसं नाही. फिबात बॉल तेव्हाच आउट होतो जेव्हा तो बाहेर असलेल्या प्लेअरला लागतो. ड्रिबलरने बॉल आत टाकला, बॉल उसळतोय, तेवढ्यात त्याचं एक पाऊल लाईनवर पडलं आणि उचललं, मग आत टेकून पुढचा हात मारला, तर काही झालेलं नाही. पाऊल लाईनवर असतानाच हात बॉलला लागला तर आउट. प्रत्यक्षात जोरात ड्रिबल करणाऱ्याचं पाऊल आणि हात बऱ्याचदा एकाच वेळी पडतात त्यामुळे बरेच आउट असतातच, पण माझं मत आहे की दोन्ही गोष्टी खरोखर दिसल्याशिवाय शिट्टी मारू नका. नुसता पाय दिसला आणि हात दिसला नाही, तर अंदाजाने द्यायचं नाही.

सगळ्यात जास्त आउट होतात ते कॉर्नरमध्ये. थ्री-पॉइंटची लाईन तिथे साईडलाईनपासून फक्त ९० सेंटिमीटरवर असते. त्या पट्ट्यात मोठ्या बुटांचा मुलगा पाय फाकवून उभा राहतो, पास यायच्या आधी पुढे टाचा उचलून तयार असतो, आणि पास हातात आला की शॉटसाठी बसता बसता वजन मागे जातं आणि टाच खाली येते. ती टाच लाईनवर येते. लांबून ते कधीच दिसत नाही, पास येतोय हे कळल्यावर एक पाऊल पुढे सरकून लाईनच्या सरळ रेषेत डोळे आणले तर टाच आणि पट्टी यांच्यातली फट दिसते किंवा बंद झालेली दिसते. त्या फटीकडे बघा, बॉल हातात पोचल्याचा आवाज कानाला येतोच.

पायरी ६: हाच नियम बाकीच्या लाईनना

एकदा जमिनीचा हिशोब डोक्यात बसला की मधली लाईन, थ्री-पॉइंट, सगळं सुटतं, फक्त कुठली लाईन कोणाच्या बाजूला मोजायची ते पाठ करावं लागतं.

मधली लाईन बॅककोर्टचा (म्हणजे टीमच्या स्वतःच्या अर्ध्या कोर्टाचा, समोरचं अर्धं ते फ्रंटकोर्ट) भाग. ड्रिबल करत फ्रंटकोर्टला जाताना दोन्ही पाय आणि बॉल, तिन्ही पूर्ण पलीकडे टेकले पाहिजेत, तोपर्यंत तो बॅककोर्टमध्येच आणि बॉल पुढे न्यायचे ८ सेकंद चालूच. यात एक अपवाद आहे: प्लेअरने फ्रंटकोर्टमधून उडी मारली, हवेत समोरच्या टीमचा पास पकडून आपल्या टीमसाठी नवीन कंट्रोल घेतला आणि बॅककोर्टमध्ये उतरला, तर व्हायोलेशन नाही. बाउंड्री लाईनला असा अपवाद नाही, तिथे बॉल हातात घेऊन बाहेर उतरला की आउट.

थ्री-पॉइंटची लाईन थ्रीच्या भागात धरत नाहीत, पाय लाईनवर असेल तर दोन. मागून उडी मारून लाईनच्या पुढे उतरला तर तीनच, कारण शेवटचा पाय मागे होता. तीन सेकंदांच्या डब्याच्या (रिंगसमोरचा चौकोन) लाईन डब्यातच मोजतात, एंडलाईन सोडून. रिंगखालच्या अर्धवर्तुळाची लाईनसुद्धा अर्धवर्तुळातच. थ्री-बाय-थ्री खेळवत असाल तर बॉल क्लिअर करतानाही हेच, एकही पाय आर्कच्या आत किंवा आर्कवर नको.

पायरी ७: थ्रो-इन

आउट दिल्यावर बॉल जिथून बाहेर गेला त्याच्या जवळच्या जागेवरून आत टाकायचा, फक्त बोर्डच्या बरोबर मागून नाही, तिथे असेल तर जरा बाजूला घ्या. ५ सेकंद. हे ५ सेकंद खूप जुने आहेत, हा खेळ शोधणाऱ्या नेस्मिथने १८९१ साली स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएच्या शाळेत जे पहिले १३ नियम लिहिले त्यातच ते आहेत. तेव्हा बॉल बाहेर गेला की जो आधी जाऊन पकडेल तो आत टाकणार असा प्रकार होता, काय झुंबड उडत असेल विचार करा. शेवटचा कोणाला लागला हे बघायची पद्धत नंतर आली.

थ्रो-इन करणारा कोर्टात पाऊल ठेवू शकत नाही, पण लाईनवर ठेवू शकतो, कारण लाईन कोर्टाचा भाग नाही ना. इथे बरेच नवीन रेफरी चुकीची शिट्टी मारतात. बाजूला तो एका किंवा दोन्ही दिशांना मिळून एकूण १ मीटर सरकू शकतो, मागे हवा तेवढा. बॉल टाकला आणि कोणालाही न लागता सरळ बाहेर गेला तर समोरच्या टीमला त्याच जागेवरून बॉल. डिफेंडरने लाईनच्या पलीकडे हात घालायचा नाही, आणि आपल्या भिंतीवाल्या कोर्टांवर, जिथे मागे २ मीटर जागा नाही, तिथे डिफेंडरला थ्रो-इन करणाऱ्यापासून १ मीटर लांब ठेवा. बॉल द्यायच्या आधीच हाताने दाखवून मागे करा.

शॉट क्लॉक (शॉट घ्यायच्या मुदतीचं घड्याळ) असेल तर टेबलकडे एक नजर टाका. डिफेन्सकडून बॉल आउट झाला तर उरलेल्या सेकंदांवरच पुढे चालतं, रिसेट होत नाही.

पायरी ८: कुठे उभं राहायचं आणि काय करायचं

दोन रेफरी असतील तर लीडकडे एंडलाईन आणि त्याच्या डाव्या हाताची साईडलाईन, ट्रेलकडे मधली लाईन आणि त्याच्या डाव्या हाताची साईडलाईन. दोघं समोरासमोर तोंड करून असतात म्हणून दोघांची डावी बाजू मिळून दोन्ही साईडलाईन होतात. आपली लाईन आपली, दुसऱ्याच्या लाईनवर कितीही स्पष्ट दिसलं तरी आधी शिट्टी मारू नका. तो मदत मागेल तेव्हा बोला, आणि त्याने अगदीच उलटा निर्णय दिलाय असं वाटलं तर पळत त्याच्याजवळ जा आणि हळू आवाजात सांगा तुम्हाला काय दिसलं. "पाय आत होता, हवेत सोडला" एवढं पुरे. निर्णय त्याला बदलू द्या. माझं राहिलं ते हेच.

क्रम असा: एक शिट्टी, मोठी आणि एकच. पंजा उघडा ठेवून हात सरळ वर, मूठ नाही, मूठ म्हणजे फाउल. मग एक श्वास घ्या. मग दिशा दाखवा आणि रंग बोला, "व्हाईट!" किंवा "ब्लू!" तो एक श्वास फार महत्त्वाचा आहे, कारण नवीन माणूस हात वर जायच्या आधीच दिशा दाखवून मोकळा होतो आणि मग मनात येतं अरे शेवटचा तर दुसऱ्याला लागला होता. शिट्टी लगेच पाहिजे, दिशा अर्ध्या सेकंदाने आली तरी कोणी मरत नाही.

आणि खरंच दिसलं नाही तर? चार हात एकदम बॉलवर, कोणाचा शेवटचा, देव जाणे. आधी पार्टनरकडे बघा. त्यालाही माहीत नसेल किंवा दोघांचं मत वेगळं असेल तर जम्प बॉल, दोन्ही अंगठे वर, आणि ॲरोप्रमाणे बॉल. हे नियमातच लिहिलंय, यात कमीपणा नाही. मोठ्या मॅचेसना चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि ओव्हरटाईमच्या शेवटच्या दोन मिनिटांत रिप्ले बघून ठरवता येतं की शेवटचा कोणाला लागला, आपल्याकडे ती सोय नसते, कोणी पालक मोबाईल घेऊन आला तरी तो बघायचा नाही. ज्या टीमचा आरडाओरडा जास्त तिला बॉल द्यायचा मोह होतो, तो मोह मला पण झालाय, तेव्हा टेबलकडे ॲरो बघायला मान वळवा, ओरडणाऱ्यांकडे नाही.

पायरी ९: डोळ्यांची प्रॅक्टिस

नियम एका संध्याकाळी पाठ होतात, डोळ्यांना वेळ लागतो. इंडियन जिमखान्यासारख्या ठिकाणी किंवा तुमच्या घराजवळ जिथे रोज प्रॅक्टिस असते तिथे जाऊन कोपऱ्यात उभे राहा आणि दहा मिनिटं बॉलकडे अजिबात बघू नका, फक्त साईडलाईनजवळच्या प्लेअरचे पाय. पहिल्या दिवशी मान सारखी बॉलकडे वळेल. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हाला जाणवेल की बॉल न बघताही तो कुठे आहे ते कळतंय, दहा जणांच्या पावलांवरून.

दुसऱ्या प्रकाराला दोन मित्र लागतात. साईडलाईनच्या दोन मीटर भागावर खडूची भुकटी जाड पसरा, फळा पुसायच्या डस्टरमध्ये मिळते तेवढी पुरते. एकाने लाईनच्या बाहेर जाईल असा बॉल टाकायचा, दुसऱ्याने धावत येऊन वाचवायचा, आणि तुम्ही शिट्टी मारायची किंवा नाही मारायची. मग जाऊन भुकटी बघा. शेवटचा ठसा कुठे उमटलाय, टोकाचा आहे की टाचेचा, लाईनच्या आतल्या कडेला टेकून आहे की पांढऱ्यावर चढलाय. पुसा, परत पसरा, परत. दर दहाला किती बरोबर आले ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या शनिवारी उभं राहायची जागा अर्धा मीटर बदलून बघा, आकडा कुठे वाढतो ते तुमच्या लक्षात येईल.